दुसरा नकाशा

शरण्याला माझे डोळे आले. नाक तिच्या आईचं, उंची आजोबांची आणि नंबर माझा, उणे साडेसात. अकराव्या वर्षी तंजावरहून माझा पहिला चष्मा आला तेव्हा मला कळलं, की सारंगपाणीच्या देवळाच्या गोपुरावर ज्यांना मी कावळे म्हणून मोजत असे ते सगळे पारवे होते. ही गोष्ट मी नातीला इतक्यांदा सांगितली, की शेवट तीच करायची, "आणि पारवे तुला हसले, आजी."

ती पुण्यात वाढली, नोकरीही तिथंच करते. लेझरनं नंबर घालवायचं तिनं ठरवलं तेव्हा तिला कुंभकोणमला माझ्याकडे मीच बोलावलं. डॉक्टर शंकरनारायण आमच्या ह्यांचे गणिताचे विद्यार्थी, आणि त्यांच्या इस्पितळात नवं यंत्र आलं होतं. डोळ्याच्या वरच्या पारदर्शक पडद्याचा उंचसखल नकाशा ते यंत्र काढतं, आणि लेझर त्या नकाशाबरहुकूम फिरतो. "शिंप्यानं अंगावर माप घेऊन शिवावं तसं," डॉक्टर म्हणाले. पण लेन्स वापरून तो पडदा दबलेला असतो. म्हणून पंधरा दिवस लेन्स बंद, नुसता चष्मा. आठव्या दिवशी एक नकाशा, पंधराव्या दिवशी दुसरा. दोन्ही जुळले तर त्याच दुपारी काम उरकायचं.

जाड भिंगं लावून ऑफिसात जायची तिला लाज वाटे. म्हणून तीन आठवड्यांची घरून कामाची परवानगी काढून, लॅपटॉप घेऊन ती माझ्याकडे आली.

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. बाजारात तमिळ, बँकेत तमिळ, शेजारी तमिळ. या सहा वर्षांत मी मराठी बोलले ती देवाशी आणि फोनवर. आता सकाळी कॉफीच्या वासाबरोबर घरात आमची जुनी तंजावरी मराठी सुरू होई.

"आजी, असं आता कोणी बोलत नाही."

"कोणी नाही कसं? मी कोण गे?"

ती हसे. दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाच्या डांगराची वाटी चाटूनपुसून खाई आणि चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल नाकाला टेकवून वाची. मीही त्या वयात पुस्तक असंच वाचत असे. तिच्याकडे बघत बसायला मला दुपार पुरत नसे.

आठव्या दिवशी पहिला नकाशा झाला. डोळ्यांत थेंब घातल्यानं शरण्याला दोन तास काही वाचता येणार नव्हतं. ती बाकावर डोळे मिटून बसली. यंत्रावर काम करणाऱ्या कीर्तीनं सूचनांचा कागद माझ्या हातात दिला आणि मला पाटी, म्हणजे आजी, म्हणत तमिळमध्ये समजावलं, "पाटी, नीट ऐका. आता एक दिवससुद्धा लेन्स घालायची नाही. घातली तर पडद्याचा आकार बदलतो. मग पुन्हा पहिल्यापासून पंधरा दिवस."

रिक्षात शरण्यानं विचारलं, "काय सांगत होती एवढं?" तिचं तमिळ भाजी घेण्यापुरतं.

"लेन्स घालू नको म्हणाली."

पुढचं मी तेव्हा मुद्दाम गाळलं नव्हतं. हे मी अजूनही स्वतःला सांगते.

बाराव्या दिवशी पापनाशमला माझ्या नणंदेच्या, महालक्ष्मीच्या, नातवाचा साखरपुडा होता. सकाळी शरण्या रेशमी साडी नेसून माझ्यापुढं उभी राहिली. हातात लेन्सची डबी.

"आजी, एक दिवस घातल्या तर चालेल का ग? ती महालक्ष्मी-आजी चारचौघांत मला सोड्याची बाटली म्हणणार. लहानपणापासून म्हणते."

कागद कपाटात होता. मला तो उघडून बघायची गरज नव्हती. तीन दिवसांनी शस्त्रक्रिया, मग दोन दिवस तपासणी, मग ती जाणार. नकाशा जुळला नाही तर आणखी पंधरा दिवस.

"एका दिवसानं काय होतंय," मी म्हणाले. "घाल."

पापनाशमला महालक्ष्मीनं तिची हनुवटी धरून इकडं तिकडं वळवली. "अगबाई, विशालाक्षी, ही तुझी शरण्या? हिला डोळे होते म्हणायचे! आम्हाला इतकी वर्षं भिंगंच दाखवलीस." सगळ्या हसल्या. शरण्याही हसली. संध्याकाळी परतेपर्यंत तिनं लेन्स काढल्या नाहीत. मी आठवणही करून दिली नाही.

पंधराव्या दिवशी डॉक्टर संगणकावरचे दोन नकाशे कितीतरी वेळ बघत राहिले. डाव्या डोळ्याच्या नकाशांचे रंग जुळत नव्हते.

"मध्ये लेन्स घातली होतीस?"

"एक दिवस," शरण्या म्हणाली.

कीर्ती वळली. "पाटी, मी तुम्हाला बजावलं होतं ना, एक दिवससुद्धा नाही म्हणून?"

एवढं तमिळ शरण्याला समजत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना इंग्रजीत म्हणाली, "आजीनं सांगितलं होतं. मीच विसरले." डॉक्टरांनी मान हलवली आणि कॅलेंडरवर पंधरा दिवस पुढं बोट ठेवलं.

माझ्या मनात जे आलं ते मी लपवून ठेवणार नाही. शरमेच्या आधी आनंद आला.

घरी येऊन तिनं साड्यांच्या घड्या घालायला सुरुवात केली.

"डॉक्टरांनी तारीख दिली आहे," मी दारातून म्हटलं.

"सोमवारी ऑफिसात हजर व्हायचं आहे. पुण्यात करून घेईन."

"शरण्या, मला माहीत होतं."

"हो, कळलं." तिनं घडी मोडून पुन्हा घातली. "मला घालायच्याच होत्या, आजी. तू नको म्हणशील, मला अडवशील, म्हणून तर तुला विचारलं."

ती रागावली असती तर मी काहीतरी बोलले असते. ती रागावली नव्हती. रात्री जेवताना तिनं डांगर मागूनही घेतलं. स्टेशनवर मला वाकून नमस्कार केला, आणि गाडीच्या खिडकीतून चष्मा लावून हात हलवत राहिली. या चष्म्यातून मी तिला किती लांबपर्यंत दिसेन याचा अंदाज मला स्वतःवरून होता. तेवढा वेळ मी हलले नाही.

महिन्याभरानं पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. शस्त्रक्रिया आदल्या दिवशीच झाली होती. मला आधी कळवलं नव्हतं. डोळे थोडे लाल, चेहरा उघडा आणि जरा परका.

"दिसतं का ग?"

"सगळं."

शस्त्रक्रियेनंतर दर चार तासांनी थेंब घालावे लागतात, हे कीर्तीनं मला केव्हाच सांगून ठेवलं होतं. ते मी घालायचे, असं मी धरून चालले होते. त्यासाठी आडवं कुठं निजवायचं, उशी कुठली घ्यायची, तेसुद्धा ठरवलं होतं.

"थेंब कोण घालतं?" मी विचारलं.

"मीच. आरशात बघून. आता दिसतं ना, आजी."