बोटाला लागलेला गूळ

रविवारी सकाळी दहा वाजता शिवाजीनगरच्या बाजारामागच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर चपलांचा ढीग, आत दोन-अडीचशे माणसं आणि सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या मोठ्या पडद्याकडे. पडद्यावर साखर मोजायच्या मीटरचा आकडा दिसत होता. तीनशे शहाऐंशी.

"बघा," बिंदुमाधव स्वामी म्हणाले, "डॉक्टर साखर मोजतो. मी साखरेला निरोप देतो. पॅनक्रियाज हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलला. पान-क्रिया. पान म्हणजे पिणं. तीर्थ आधी हातांवर, मग ओठांवर. सरी?"

"सरी," सगळा हॉल कानडीतून होकार देत म्हणाला.

ज्याचा हा आकडा होता त्या समोरच्या म्हाताऱ्याचे हात तांब्याच्या घंगाळात बुडवले गेले. बोटं चोळत अकरा वेळा मंत्र झाला. भगव्या फडक्याने हात कोरडे केले. स्वामींचा शिष्य मंजुनाथ याने पुन्हा बोट टोचलं आणि पडद्यावर एकशे बेचाळीस आलं. बायका रडायला लागल्या.

मी भिंतीला टेकून उभी होते. मी सुप्रीता, नर्सिंगच्या एमएस्सीला आहे. मधुमेही माणूस घरी स्वतःची काळजी कशी घेतो आणि त्याला शिकवलं तर काय फरक पडतो, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यासाठी या भागातल्या बेचाळीस घरांत मी महिनोन् महिने जात होते. मीटर वापरायला मीच शिकवलं होतं. "अंदाज करू नका, आकडा बघा," हे माझं प्रत्येक घरातलं वाक्य. त्या आठवड्यात तीन घरांतून एकच उत्तर आलं होतं, "गोळ्या बंद केल्या, स्वामींनी आकडा उतरवला." म्हणून मी बघायला आले होते.

मंजुनाथने मला हेरलं. "सिस्टर, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच या."

सगळ्यांसारखा मलाही प्रसाद दिला. कुस्करलेलं केळं, गूळ आणि मध. चमचा नाही, बोटांनीच खायचा आणि बोटं पुसायची नाहीत, असा नियम. पाच मिनिटांनी त्याने माझं बोट टोचलं.

दोनशे अडुसष्ट.

मला मधुमेह नाही. निदान तोवर नव्हता. माझ्या वडिलांचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला होता, आणि त्या जखमेची पट्टी बदलायला मी बारावीत असताना शिकले. पडद्यावरचा आकडा मी दोनदा वाचला. मग मंत्र, घंगाळ, फडकं. दुसरा आकडा आला सत्त्याण्णव.

मी व्यासपीठावरून खाली उतरले. कोणीतरी माझा हात धरला. यल्लव्वाअक्का होत्या. बेळगावकडच्या, इथे शिवणाच्या कारखान्यात कामाला. त्यांची बावीस वर्षांची मुलगी अश्लेषा माझ्या बेचाळिसांपैकी एक. नवव्या वर्षापासून इन्सुलिनवर. तिचाही आकडा त्या सकाळी चारशे दहावरून दीडशेवर आला होता.

"तुमचा बी उतरला की, सिस्टर," त्या म्हणाल्या. "स्वामी सांगतात, एकवीस दिवस सुई बंद. आणि मोजायचं बी न्हाई, संशयानं कृपा आटते. मग बंद करू न्हवं?"

तेव्हा मी "नाही" म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मला काही कळेना झालंय, अक्का."

त्यांनी त्याचा हवा तो अर्थ घेतला.

बुधवारी दुपारी मी ठरलेल्या भेटीसाठी त्यांच्या खोलीवर गेले. दारातच शेजारच्या चार बायका हात जोडून बसल्या होत्या. खोलीत पिकलेल्या फळांसारखा वास भरला होता.

"स्वामींचा सुगंध," यल्लव्वाअक्का हळूच म्हणाल्या. "सकाळपासनं पोरीच्या श्वासातनं येतोय. बोलत न्हाई, डोळे मिटून पडलीय. समाधी लागलीय म्हणतात."

अश्लेषा चटईवर होती. ओठ सुकलेले. कोपऱ्यात ओकारीचं घमेलं. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मी हाक मारली, तिने डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले. मी बोट टोचलं. मीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' आलं. म्हणजे साखर इतकी चढलेली की मीटरला मोजता येईना.

"ही समाधी नाही, अक्का. इन्सुलिन नाही म्हणून शरीर स्वतःची चरबी जाळतंय. रक्तात आम्ल साठलंय. हा वास त्याचा आहे."

"पण स्वामी..."

"पोरगी मरेल."

आतापर्यंत कुणाच्या घरात मी हा शब्द उच्चारला नव्हता. यल्लव्वाअक्कांनी तिच्या खांद्यांखाली हात घातले. दोघींनी मिळून तिला उचललं आणि रिक्षात घातलं. वाटेत सिग्नलला थांबलो तेव्हा मी तिचे श्वास मोजत होते. मिनिटाला अडतीस.

सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास काही सांगता येत नाही. यल्लव्वाअक्का जमिनीवर बसून राहिल्या. मी वॉर्डच्या मुख्य सिस्टर भाग्यलक्ष्मी यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. माझ्या दोनशे अडुसष्टचंही.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "टोचण्याआधी हात धुतले होते?"

प्रसाद खाल्लेल्या बोटांकडे मी पाहिलं.

त्यांनी मला बेसिनपाशी नेलं, साबणाने हात धुवायला लावले, कोरडे करवले. मग कुणाच्या तरी डब्यातला गुळाचा खडा ओला करून माझ्या एका बोटावर चोळला. शेजारचं बोट तसंच ठेवलं. दोन्ही टोचली. गुळाचं बोट दोनशे एक्क्याण्णव. स्वच्छ बोट चौऱ्याण्णव. हात एक, रक्त एक, मधे मिनिटही गेलं नव्हतं.

"मीटरच्या पट्टीला एवढासा थेंब लागतो," त्या म्हणाल्या. "त्यात गुळाचा कण मिसळला की पट्टी तोही मोजते. शिकवताना हात धुवायला सांगितलंस ना?"

माझ्या पत्रकात ते होतं, चौथ्या ओळीत. वेळ कमी असला की मी ती ओळ गाळत असे. मी बोटावरचा गूळ पुसला. मग स्वामींचा सगळा कार्यक्रम माझ्यासमोर उलगडला. आधी बोटांना प्रसाद माखायचा आणि खोटा आकडा चढवायचा. मग मंत्राच्या नावाने हात स्वच्छ धुवायचे. दुसरा आकडा खरा असतो, तो औषधांनी आधीच ताब्यात ठेवलेला. आणि घरी मोजायची बंदी, म्हणजे औषध सुटल्यावर काय होतं ते कुणाला दिसू नये.

गुरुवारी संध्याकाळी अश्लेषाने पाणी मागितलं.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये जायला मला भीती वाटत होती. एवढी भाबडी गर्दी एका क्षणात काय करेल सांगता येत नाही. यल्लव्वाअक्का म्हणाल्या, "तुम्ही नुसतं मीटर घेऊन या. बोलायचं ते मी बघते."

त्यांचा नंबर आला. मंजुनाथने प्रसाद पुढे केला. त्यांनी तो फक्त डाव्या हातावर घेतला, बोटांना नीट लागू दिला. उजवा हात बाहेरच्या नळावर धुऊन, पदराने कोरडा करून आणला होता.

"आता दोन्ही हातांची बोटं मोजा," त्या म्हणाल्या.

स्वामी हसले. "माते, दोन कशाला? देह एकच."

"एकच हाय म्हणूनच म्हणते, स्वामी. दोन्हीकडं एकच आकडा याय पायजे."

मंजुनाथ मागे सरकला. मी पुढे झाले. दोन्ही बोटं टोचली. डावं बोट तीनशे दोन. उजवं एकशे आठ. मी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले.

"मंत्र झाला न्हाई, तीर्थ झालं न्हाई," यल्लव्वाअक्का सगळ्यांकडे वळून म्हणाल्या. "नळाचं पाणी हाय ते. माझी पोरगी ह्याच्या नादानं दवाखान्यात पडलीय."

स्वामी म्हणाले, "अश्रद्धेने कृपा आटली," आणि मागच्या दाराकडे निघाले. माझ्या जवळची एक बाई मला ढकलून ओरडली, "एवढी आशा होती, तीही घेतलीस?" दोघा-तिघांनी मला घेरलं. खरंच मार बसेल असं वाटलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतले ते तीनशे शहाऐंशीवाले आजोबा काठी टेकत उठले आणि हात धुवायला नळाकडे गेले. त्यांच्यामागून एकेक करून रांग लागली.

माझ्या बेचाळीस घरांपैकी अकरा घरांत औषध बंद झालं होतं. त्या आठवड्यात मी अकराही दारं वाजवली. नऊ घरांनी पुन्हा सुरू केलं. दोन घरांनी दार उघडलं नाही. मी रोज जाते. स्वामी कुठे गेले माहीत नाही, पण दुसऱ्या कुठल्या हॉलमध्ये ते घंगाळ मांडलेलं असेल, ही भीती गेलेली नाही.

म्हणून हे लिहिते आहे. डॉक्टरांना न विचारता इन्सुलिन किंवा गोळी थांबवू नका. टोचण्याआधी हात धुवा, कोरडे करा. आणि कोणी "मोजू नका, फक्त विश्वास ठेवा" असं सांगितलं, तर तिथून उठा आणि घरी जाऊन मोजा.