साडेतीन हजार डॉलरची शांतता

मित्रांनो, मी एक जुना, काळा, तारेचा फोन आहे आणि मला भीती वाटते. कशाकशाची, असं विचाराल तर यादी मोठी आहे. त्यात सगळ्यात वर शांततेचं नाव आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते थेट अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका अंत्यविधी करणाऱ्या दुकानातलं टेबल. तिथं मी एकतीस वर्षं नोकरी केली. मी वाजलो की कुणीतरी गेलेलं असायचं. सहज, हवापाण्याचं बोलायला एकदाही कुणी फोन केला नाही. मालक माझं कौतुक करायचे, "याच्यावर रडणंसुद्धा स्वच्छ ऐकू येतं." अशा कौतुकानं कुणी धीट होत नाही. पुढे मालकांनी खिशातला फोन घेतला आणि मी चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत एका गंजलेल्या टोस्टरशेजारी सहा आठवडे पडून राहिलो. गिऱ्हाईक आधी टोस्टरला मिळालं.

मला दोन डॉलरला घेतलं वर्ना कॉपसबाईंनी. वय एकाहत्तर. चर्चच्या मासळीच्या जेवणासाठी तीस वर्षं गावाकडून वर्गणी काढलेली बाई. आता त्या डॉक्टर ग्रेटा लुंडीन यांच्यासाठी पैसे जमवत होत्या. ग्रेटाबाई गुराढोरांच्या डॉक्टर, आणि खासदारकीला उभ्या. समोरचे खासदार बारा वर्षं निवडून येत होते आणि त्यांच्याकडे इतका निधी होता की खर्चायला माणसं ठेवावी लागत. आमचं कार्यालय एका बंद दुकानाच्या तळघरात होतं. तिथं खिशातले फोन चालत नसत, म्हणून मी.

निवडणूक म्हणजे भाषणं आणि मिरवणुका, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. उमेदवाराला रोज सहा तास खोलीत बसवतात आणि अनोळखी लोकांकडे पैसे मागायला लावतात. प्रत्येक माणसाचा एक कागद असतो. त्यावर पत्ता, धंदा, घरात कोण आहे, कोण गेलं, कुत्र्याचं नाव, सगळं. वर्नाबाई हातात लाकडी पट्टी घेऊन समोर बसत. त्यांचा नियम एकच.

"आकडा सांगायचा आणि तोंड मिटायचं. आधी बोललीस तर हरलीस, डॉक्टर. समोरचा शंभरावर सुटतो."

"गाईला इंजेक्शन देताना मी बोलते," ग्रेटाबाई म्हणाल्या.

"गाय चेक लिहीत नाही."

मित्रांनो, ती शांतता माझ्या तारेतून जायची. साधारण सात सेकंद. एकदा एकोणीस झाले. तेवढ्यात माझं सगळं आयुष्य डोळ्यांपुढून गेलं, आणि माझ्या आयुष्यात काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

मग तीस जून उजाडला. वॉशिंग्टनहून पक्षानं कळवलं होतं, की आज तिमाही संपतेय. तीन लाख डॉलर जमले तर टीव्हीवरच्या जाहिराती पक्षाच्या खर्चानं, नाहीतर तुमचं नाव यादीतून बाद. संध्याकाळी सव्वापाचला आम्हाला चौतीसशे कमी पडत होते. साडेपाचला इथली माणसं जेवायला बसतात, आणि जेवताना फोन करणाऱ्या उमेदवाराला आमच्या भागात कुणी मत देत नाही, पैसे तर सोडाच.

वर्नाबाईंनी कागद सरकवला. "ऑर्विल ड्रेसल. धान्याच्या कोठारांचा मालक. बायको गेली, एकटा राहतो. दर वेळी त्या खासदाराला पैसे देतो. पण त्याची घोडी तू वाचवलीस. साडेतीन हजार माग. कायद्यानं एका माणसाला तेवढेच देता येतात."

ऑर्विलनी फोन उचलला. आवाज जड होता. "घोडी बरी आहे. तुम्ही कशाला फोन केलात ते मला कळतंय. मागा."

"साडेतीन हजार," ग्रेटाबाई म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

सात सेकंद गेले. एकोणीसही गेले. वर्नाबाईंनी कागदावर लिहून दाखवलं, 'म्हातारा मुरलेला आहे. हलू नकोस.' एक मिनिट झालं. मी घाबरून जितका काळा होतो त्याहून काळा पडलो असेन. कारण पलीकडे काहीतरी बारीक ऐकू येत होतं. श्वास आत जायचा, अडकायचा, आणि मग घरघर. मला ओरडायचं होतं. पण मी जगाचे आवाज वाहतो, माझा स्वतःचा एकही नाही.

ग्रेटाबाईंनी मला कानाशी घट्ट दाबलं. वर्नाबाईंनी पट्टी उगारली.

"ऑर्विल," ग्रेटाबाई म्हणाल्या, "कुठल्या कुशीवर पडलायत तुम्ही?"

वर्नाबाईंनी कपाळाला हात लावला.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "डाव्या. स्वयंपाकघरात. तुम्हाला कसं कळलं?"

"श्वासावरून. छातीत दुखतंय?"

"हत्ती बसलाय."

ग्रेटाबाईंनी ऑर्विलचा कागद वर्नाबाईंच्या हातात कोंबला. पत्ता त्यावर होताच. वर्नाबाई एकाहत्तराव्या वर्षी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेल्या आणि खिशातल्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावली. ती यायला बावीस मिनिटं लागणार होती.

"बोलत राहा," ग्रेटाबाई म्हणाल्या. "मत कुणाला देणार?"

"त्यालाच."

"का?"

"सवय. आणि तुमच्या पत्रकावर तुम्ही गाईशेजारी उभ्या आहात. गाय जास्त हुशार दिसते."

"तिला मत द्या मग. अजून बोला."

"ते पैसे..."

"पैशांचं नाव काढलंत तर फोन ठेवीन."

"ठेवू नका," ऑर्विल म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. माझ्याइतकाच घाबरलेला.

"नाही ठेवत."

पावणेसहाला पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, बूट वाजले आणि कुणीतरी म्हणालं, "आम्ही आलोय." यादीतली अकरा माणसं तोवर जेवायला बसली होती. वर्नाबाईंनी 'चौतीसशे कमी' असं वहीत लिहिलं आणि पट्टी पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टननं नाव कापलं.

आठवड्यानं मी वाजलो. माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. कोण गेलं असेल, असंच माझ्या मनात आलं. पलीकडे कुणी बोलेना.

"ऑर्विल?" ग्रेटाबाईंनी लगेच विचारलं.

"इस्पितळातून बोलतोय. किती वेळ गप्प बसता ते बघत होतो."

"एक सेकंदही नाही."

"अशानं निवडून यायच्या नाहीत तुम्ही."

"वॉशिंग्टनचंही तेच मत आहे. गोळ्या वेळेवर घेताय का?"

मित्रांनो, मतदानाचा नोव्हेंबर अजून यायचाय आणि मला त्याचीही भीती वाटते. माझी एवढीच विनंती आहे. फोनवर कुणी गप्प झालं तर सेकंद मोजू नका. विचारा. मला विचारता येत नाही.