चावी कुणाकडे आहे?

आमच्या भाऊजींनी, म्हणजे धाकट्या दिरांनी, आमच्या कारखान्यावर नाटक लिहिलं, तेव्हा मी तोंडावरच म्हटलं, "टाळ्या पडतील हो, पण कुलूप निघणार आहे का?"

शिलाईखात्याचं मागचं दार कायम कुलपात. कपडे चोरीला जातात म्हणे. चावी मुकादमाच्या खिशात. त्या दाराला लागूनच माझी ताई मशीनवर बसते आणि तिचा एक पाय अधू आहे. एकदा इस्त्रीच्या खोलीतून धूर आला, सगळ्या पुढच्या दाराकडे पळाल्या, ही राहिली तिथेच. धूर विरला म्हणून वाचली. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. तक्रारी करून झाल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी.

नाटकाच्या शेवटी नायिका एका झटक्यात कुलूप काढते आणि उघड्या दारात उभी राहून लांबलचक भाषण करते. कुलूप नुसतं अडकवलेलं असतं. प्रयोगाला आमचं अख्खं खातं गेलं होतं. मुकादमही आले, फुकटचा पास कोण सोडतो!

पण पडद्यामागच्या कुणा शहाण्याने ते कुलूप नीट दिसावं म्हणून दाबून बंद केलं. नायिका ओढतेय, कुलूप हलेना. धुराचं यंत्र आपलं धूर सोडतंय, आम्ही सगळ्या खोकतोय. बिचारी संवाद विसरली आणि विंगेकडे बघून खरोखरीच ओरडली, "अहो, चावी कुणाकडे आहे?"

एरवी चार शब्द बोलायलाही कचरणारी माझी ताई बसल्या जागेवरून म्हणाली, "मुकादमांकडे."

आधी सगळ्या हसल्या. मग हसू थांबलं आणि माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. मुकादमांचा हात आपोआप खिशावर गेला. भाऊजींनी घाईघाईने पडदा पाडला.

दुसऱ्या दिवशी मुकादम आत आले, तर खात्यात एकही मशीन चालू नाही. "काय गं, मशीन का बंद?"

मागून कुणीतरी थेट नायिकेच्या आवाजात विचारलं, "अहो, चावी कुणाकडे आहे?"

खातं हसलं, पण मशीनला हात कुणी लावेना. ते रागावले तरी तोच प्रश्न, समजावू लागले तरी तोच. शेवटी साहेबांना फोन झाला आणि जेवणाच्या सुट्टीआधी मुकादमांनी स्वतःच्या हाताने कुलूप काढलं.

बाहेर कचऱ्याची पिंपं आणि चार पायऱ्या, बाकी काही नाही. ताई भिंतीला धरून खाली उतरली, वर आली, पुन्हा उतरली. मला रडू आलं, त्यात लाज कसली?

घरी भाऊजी तोंड पाडून बसले होते. "वहिनी, माझं भाषण पार वाया गेलं. पुढच्या प्रयोगाला कुलूप मी स्वतः तपासणार."

"पुढचा कुणासाठी आहे?"

"पलीकडच्या कारखान्यातल्या बायकांसाठी. तिथलंही मागचं दार बंदच असतं."

"मग तपासा, आणि चांगलं दाबून बंद करा," मी म्हटलं. "अन् त्यांच्या मुकादमाला पास द्यायला विसरू नका."