आठव्या भोकातलं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. दिवा लावायचा नव्हे, संगणकांना एकमेकांशी बोलतं करायचा! बजाजनगरात तनुजा मॅडमच्या संगणक-वर्गात कोपऱ्यातल्या फळीवर माझा मुक्काम असतो. करडी लोखंडी पेटी, पुढे आठ भोकं आणि प्रत्येकावर इवलासा हिरवा दिवा. दिसायला मी देखणा नाही, पण कामाला मागे हटणारा नाही.

माझं काम ऐका. एका संगणकावरून दुसऱ्यावर फोटो पाठवला तर तो अख्खा जात नाही बरं का. त्याचे बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर कुणाकडून, कुणाकडे आणि कितवा, हे लिहिलेलं असतं. मी पत्ता वाचतो आणि तुकडा ज्याचा त्याच्याच भोकातून धाडतो. पोच आली नाही, तर पाठवणारा तोच तुकडा पुन्हा पाठवतो. आणि समोरचा कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर संगणक सगळ्यांना हाळी देतो. ती हाळी मी प्रत्येक भोकातून ऐकवतो. या हाळीनेच माझा घात व्हायची वेळ आली होती.

मॅडमचे वडील साहेबराव, म्हणजे आमचे अण्णा, वाळूजच्या कारखान्यात उभा जन्म राबले. खंडेनवमीला यंत्रं पुसून पूजायची, हा त्यांचा नेमच. गेल्या वर्षी वर्गातला एक संगणक दुरुस्तीला गेला होता आणि त्याच्या तारेचं एक टोक माझ्या सातव्या भोकात होतं, दुसरं मोकळं टोक खाली लोंबत होतं. अण्णांनी मला बंद करून पुसलं, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. मग ते मोकळं टोक त्यांना दिसलं.

"हे काय लोंबतंय? सणासुदीला बरं नाय दिसत," म्हणत त्यांनी ते माझ्या रिकाम्या आठव्या भोकात खोचलं. कुंकवाचं बोट त्या टोकाला आणि भोकालाही लागलं. आता एकाच तारेची दोन्ही टोकं माझ्यातच!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. देवगाव रंगारीहून प्रांजली पहिल्याच एसटीनं आली होती. तिला एका कंपनीत काम मिळायचं होतं, पण अट एकच, या परीक्षेचा दाखला हवा. तो दाखवायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

मॅडमनी मला चालू केलं. प्रांजलीच्या संगणकानं हाळी दिली, 'परीक्षेचा संगणक कुठाय?' मी ती सगळीकडे धाडली. सातव्यातून गेली ती आठव्यातून परत माझ्याच तोंडात! मला ती नवी वाटली, म्हणून पुन्हा धाडली. ती पुन्हा आली. एकीच्या हजार झाल्या आणि खऱ्या तुकड्यांना वाटच उरली नाही. माझ्या सगळ्या दिव्यांच्या जणू अंगात आलं.

"मॅडम, हे लई लुकलुक करू राहिलं," प्रांजली रडवेली झाली. "माझी परीक्षा व्हईल ना?"

"डबडं गेलंय, द्या भंगारात!" शेजारच्या संगणकावरचा सार्थक म्हणाला.

अरे वा रे शहाण्या! इतकी वर्षं राबलो त्याचं हे बक्षीस! मला फार वाईट वाटलं. पण मॅडमनी पदर खोचला.

"आधी बघते, मग फेकते. प्रांजली, तू जागा सोडू नको."

त्यांनी माझ्या सगळ्या तारा उपटल्या. मी एकदम शांत झालो. मग त्या एकेक तार खोचून थांबायच्या, दिवा निरखायच्या. पहिली ठीक, दुसरी ठीक. घड्याळ पुढे पळत होतं, पण त्यांनी घाई केली नाही. शेवटची तार राहिली. तिच्यावरून हात फिरवत त्या टेबलाखाली गेल्या आणि दुसरं टोक धरून वर आल्या. त्या टोकाला कुंकू होतं.

दारात उभ्या अण्णांचा चेहरा पडला. "म्हंजी मीच घोळ केला व्हय?"

"अण्णा, पूजा बरोबरच होती. फक्त हे टोक कुठलं, ते विचारायचं राहिलं."

परीक्षा वेळेवर सुरू झाली. प्रांजलीचं एकेक उत्तर तुकड्यातुकड्यांनी माझ्यातून गेलं आणि प्रत्येक तुकड्याची पोच आली. त्या दिवशी एक तुकडाही मी हरवू दिला नाही. दोनच दिवसांत, मुदतीच्या आत, ती दाखला घ्यायला पेढे घेऊनच आली. सार्थकनं न सांगता प्रत्येक तारेला नावाची चिठ्ठी चिकटवली.

यंदाच्या खंडेनवमीला अण्णा पुन्हा फडकं घेऊन आले. चिठ्ठी गळून पडलेली एक तार लोंबत होती. त्यांचा हात तिकडे गेला आणि मध्येच थांबला.

"तनू, हे टोक कुठलं गं?" त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली.

मित्रांनो, जुनं यंत्र अडलं की लगेच भंगारवाल्याला बोलवू नका. हात लावण्याआधी तेवढा एक प्रश्न विचारत जा. बाकीचं आम्ही बघतो. आठव्या भोकातलं कुंकू अजून गेलेलं नाही, आणि मीही.