नाव घातलेलं मशीन

रुद्राप्पा माळगे सतराव्या दिवशी दवाखान्यातून घरी आले. कोल्हापूरजवळ उचगावात घरापुढं गाडी थांबली, तशी त्यांनी सवयीनं आधी शेडकडं मान वळवली. शेडचा गंजका पत्र्याचा दरवाजा दिसेना. तिथं नवं कोरं लाकडी दार होतं आणि दाराला झेंडूचं तोरण.

"चला अप्पा," मुलगा बसवेश त्यांचा दंड धरत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "आता जिना चढायचाच न्हाय तुमी."

आत पांढऱ्या फरशा होत्या, खिडकीखाली पलंग, बाजूला कमोडचा संडास आणि धरून उठायला स्टीलचा दांडा. रजा काढून, गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून बसवेशनं दोन आठवड्यांत हे सगळं केलं होतं. सिमेंटनं त्याची बोटं फुटली होती.

रुद्राप्पांनी खोली नीट पाहिली. पलंगावर हात फिरवला. मग विचारलं, "माझी मशिनं कुटं ठेवलीस?"

बसवेशनं आईकडं पाहिलं. बसम्मा पुढं झाली. "भंगारवाल्याला दिली सगळी. त्यातलंच एक उचलताना छातीत कळ आली न्हवं तुमच्या? मीच म्हटलं, घेऊन जावा बाबा, डोळ्यापुढं नकोत."

रुद्राप्पा पलंगावर टेकले. बसम्मानं पाणी आणलं, ते त्यांनी प्यायलं.

एकतीस वर्षं त्यांनी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत भट्टीवर काढली होती. भट्टीत पडणारं भंगार बघून त्यांना तेव्हाही चुटपुट लागायची. ही मोटर अजून चालली असती, हा पत्रा अजून टिकला असता, असं वाटायचं. रिटायर झाल्यावर एका लॉजनं टाकून दिलेलं कपडे धुवायचं जुनं मशीन त्यांनी घरी आणलं आणि महिनाभर खपून चालू केलं. त्या दिवसापासून त्यांना नादच लागला. दोन टबांची जुनी मशिनं, रबरी रुळांतून कपडे पिळून काढणारं एक परदेशी मशीन, असं करत शेडमध्ये तेवीस मशिनं जमली. गंज घासायचा, नवं रबर बसवायचं, रंग मारायचा आणि मशीन घुमायला लागलं की खुर्ची टाकून समोर बसायचं. बसम्मा म्हणायची, "देवापुढंसुदिक इतका वेळ बसत न्हाईत हे."

त्या तेवीसांतली बावीस त्यांची होती. एक नव्हतं.

ते हुपरीच्या चिमणाबाईंचं होतं. चिमणाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. उभा जन्म त्यांनी घरात बसून चांदीच्या पैंजणांना घुंगरं लावण्यात घालवला. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा सयाजी शिरोलीत कामाला लागला आणि एक्क्याण्णवच्या दिवाळीला बोनसमधून त्यानं आईसाठी मशीन आणलं. आणलं ते थेट भांड्यांवर नावं घालणाऱ्या कारागिराकडं नेलं आणि पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेतलं: 'चिमणाबाई दत्तू यांस सयाजीकडून, दिवाळी १९९१'. मशीनवर नाव घालतोय म्हणून अख्खी गल्ली हसली होती. पुढं सात वर्षांनी हायवेवर ट्रकनं सयाजीच्या मोटरसायकलला उडवलं. मशीनही नंतर बंद पडलं. पण घराच्या पुढच्या सोप्यात चार विटांवर ठेवलेलं ते मशीन चिमणाबाईंनी हलू दिलं नाही.

जानेवारीत त्या स्वतः टेम्पोत बसून मशीन घेऊन आल्या होत्या. "आण्णा," पहिल्याच भेटीत त्यांनी रुद्राप्पांना भाऊ करून टाकलं, "कापडं धुवायची न्हाईत मला. एकदा चालल्यालं ऐकायचंय. माझ्या माघारी पुतण्यं ह्याला भंगारात घालत्याली, त्याच्या आधी."

"भंगारात कसं जाईल? माझ्याकडं हाय न्हवं," रुद्राप्पा म्हणाले होते.

आणि त्यांनी त्या मशीनवर एक चिठ्ठीसुद्धा चिकटवली नव्हती. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आठवड्याभरात परत द्यायचंय, सांगायचं काय त्यात, असं त्यांना वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसवेशला म्हणाले, "मला त्या भंगारवाल्याकडं ने."

"अप्पा, टाकं अजून वाळल्यालं न्हाईत."

"ने म्हणतोय न्हवं."

वाटेत त्यांनी चिमणाबाईंची हकिगत सांगितली. बसवेशनं गाडी कडेला घेतली. त्याला पुढचं दिसेना झालं होतं. "मला म्हाईत न्हवतं हो अप्पा," तो म्हणाला. "मी नाव वाचलं हुतं. मला वाटलं, कुणीतरी कवाच इकल्यालं असंल."

भंगारवाला गुंडू भला माणूस होता. त्यानं रुद्राप्पांना खुर्ची दिली, चहा सांगितला. "नाव घातल्यालं व्हय? हुतं की! बायकोनं वाचून दावलं, हसलो आमी. पन पावणं, परवाच गाडी भरली. पत्रा सगळा दाबून गठ्ठं केलं आन् भट्टीला गेलं."

"कुठल्या?"

गुंडूनं फाउंड्रीचं नाव सांगितलं. रुद्राप्पांनी तिथंच एकतीस वर्षं काढली होती. दाबलेला गठ्ठा भट्टीत पडला की किती मिनिटांत त्याचं पाणी होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरीही ते उठले आणि उरलेल्या ढिगाभोवती काठी टेकत दोनदा फिरले. एका कोपऱ्यात त्यांच्या परदेशी मशीनचे रबरी रूळ पडले होते. गुंडू म्हणाला, "घेऊन जावा." त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि ते गाडीत जाऊन बसले.

"आता घरी," बसवेश म्हणाला.

"हुपरीला."

चिमणाबाई सोप्यात बसून पैंजणं जोडत होत्या. रुद्राप्पांना बघताच त्यांनी मांडीवरचं ताट खाली ठेवलं. "अगं बाई, आण्णा! किती वाळलासा! दवाखान्यात हुतासा म्हणं? बसा की. हा ल्योक व्हय तुमचा?"

रुद्राप्पा बसले. बसवेश उंबऱ्यापाशी उभा राहिला. बोलायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात रुद्राप्पांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"बाई, तुमचं मशीन गेलं. भंगारात. शेड रिकामं करायचं हुतं, म्या सगळीच देऊन टाकली. तुमचं त्यात हाय, ह्ये ध्यानात राहिलं न्हाय माझ्या."

"तुमी दिलं?"

"म्याच."

"इसरलासा?"

"इसरलो."

चिमणाबाईंनी ताट परत मांडीवर ओढलं. एक घुंगरू उचललं. ते कडीत जाईना. दोनदा हातातून निसटलं, तिसऱ्यांदा त्यांनी ते तसंच मुठीत धरून ठेवलं.

"चालू तरी झालंतं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण एक खोटं बोलून झालं होतं, दुसरं त्यांच्या जिभेवर येईना. "मोटर फिरली हुती. टब फिरला न्हाय. पट्टा यायचा हुता."

"म्हंजी आवाज आलता."

"आलता."

"कसा आलता?"

रुद्राप्पांनी डोळे मिटले. "आधी नुसतं गुरगुरलं. मग धाप लागल्यागत थांबलं. आन् मग एकसुरात घुमाय लागलं."

"व्हय," चिमणाबाई म्हणाल्या. "तसंच करायचं. मधी थांबलं की सयाजी बुक्की हाणायचा त्याला." आणि मग त्या रडल्या. मोठ्यानं नाही. मूठ तोंडावर दाबून, सगळं अंग हलेपर्यंत रडल्या. रुद्राप्पांना उठून त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुमी जावा आता, पावणं," त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर बसवेशला राहवलं नाही. "माझी चूक हुती. तुमी कशापायी अंगावर घेतली?"

"ती तुला शिव्या देऊन मोकळी झाली असती," रुद्राप्पा म्हणाले. "पन जबान म्या दिलती. गाडी चालव तू."

उन्हाळ्यात त्यांच्या अंगात ताकद आली. लोकांचे फोन यायचे, आजीचं मशीन आहे, बघता काय म्हणून. ते सांगायचे, आता करत न्हाय. हत्यारं त्यांनी फाउंड्रीतल्या एका जुन्या सोबत्याला देऊन टाकली. बसवेश रोज संध्याकाळी विचारायचा, "खोलीत उकडत न्हाय न्हवं?" आणि ते म्हणायचे, "न्हाय. वारं चांगलं येतंय." त्यात खोटं काही नव्हतं. खोली खरंच चांगली होती.

जूनमध्ये एकदा घरात कुणाला न सांगता ते एस.टी.नं हुपरीला गेले. काय बोलायचं, हे वाटेत दहा वेळा ठरवलं आणि मोडलं. गल्लीच्या तोंडाशी येऊन ते थांबले. चिमणाबाईंच्या सोप्याच्या कडेला चार विटा मांडलेल्या होत्या आणि त्यांच्यामधली जमीन बाकीच्या जमिनीपेक्षा उजळ होती. त्या चार विटांकडं पाठ करून चिमणाबाई घुंगरं लावत बसल्या होत्या.

रुद्राप्पा थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मग आल्या वाटेनं स्टँडवर गेले आणि कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत बसले.