आजीची तीन मिनिटं

या नाटकात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मागच्या रांगेत होते. नाटक टोप्यांच्या दुकानाचं आहे. गाणी चौदा, नाच नऊ आणि गोष्ट नखावर मावेल एवढी. तरी लोक येतात. दर पाच-सात वर्षांनी कुणी ना कुणी निर्माता ते पुन्हा उभं करतो आणि मला बोलावतो. मी गिऱ्हाईक झाले, नायिकेची मैत्रीण झाले, दोनदा नायिका झाले, मग तीनदा नायिकेची आई. यंदा आजी. याच्या पुढची बढती म्हणजे भिंतीवरचा फोटो.

आजीला दोन वाक्यं आणि एक नाच. दुकानाला कुलूप लागणार असतं, सगळे हातपाय गाळून बसलेले असतात, तेव्हा म्हातारी उठते आणि तिच्या तरुणपणचा नाच एकटी नाचते. तीन मिनिटं. तो नाच काढून घेतला तर आजी म्हणजे खुर्चीवर टाकलेली शाल. मला दुसरं काही येत नाही. स्वयंपाकसुद्धा येत नाही, हे माझी मुलगी कुणालाही सांगेल.

आणि गेल्या वर्षापासून माझा डावा पाय घोट्याखाली नाही. म्हणजे आहे, दिसतो, चपलेत जातो, पण मला कळत नाही. आधी बोटं गेली, मग तळवा, मग टाच. एकदा चप्पल रस्त्यातच निसटून राहिली आणि मी बस थांब्यापर्यंत तशीच गेले. मागून एका बाईंनी हाक मारून ती हातात आणून दिली. नवरा जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. त्या दिवसांतही मला काही झालं नव्हतं. लोक भेटायला यायचे, मी पाणी द्यायचे, खुर्च्या मांडायचे. मुलगी म्हणाली, "आई, तू रडत का नाहीस?" मी म्हटलं, "फुकट रडायची सवय नाही गं." विनोद होता. ती हसली नाही.

मुलगी नर्स आहे. म्हणूनच पायाचं तिला सांगितलं नव्हतं. आपणहून पोलिसाच्या दारात कोण जातं?

तरी मी नाचत होते. नाचाच्या बुटाच्या टाचेला पत्रा असतो आणि रंगमंच लाकडी असतो. ठक वाजलं की पाय पडला. वाजलं नाही तर अजून अधांतरी आहे. रंगमंचाच्या कडेला आकडे रंगवलेले असतात, मधोमध शून्य, दोन्हीकडे एक, दोन, तीन. डोळ्यांना आकडा आणि कानांना टाच, एवढ्यावर माझं भागत होतं. कुणाला संशयही आला नाही.

आमचा दिग्दर्शक तिशीचा, अतिशय सभ्य, पण एकही वाक्य पुरं करत नाही. एके दिवशी तालमीत म्हणाला, "मॅडम, त्या टाचांची खडखड माइकमध्ये... म्हणजे गाण्याचे शब्द... तर आपण खाली काहीतरी..." दुसऱ्या दिवशी चार माणसं आली आणि अख्ख्या रंगमंचावर जाड करडं रबर अंथरून गेली. बुटांचे पत्रे उपटून एका डब्यात भरले. मी रबरावर पाऊल टाकलं आणि काहीच झालं नाही. आवाज नाही, पाय नाही. मला भीती वाटली. खूप दिवसांनी काहीतरी वाटलं, ते हे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन वाक्यं जुळवून मी दिग्दर्शकाकडे गेलेही होते. पण नाच बसवणाऱ्या बाईच आधी म्हणाल्या, "तुम्हाला जड जात असेल तर हा नाच मागच्या रांगेतल्या त्या मुलीला देऊ. तुम्ही बसून बघा. छान दिसेल." ती मुलगी बावीस वर्षांची आहे. विंगेत उभी राहून तिने माझा नाच उचलला होता, हे मला ठाऊक होतं. मीही एकेकाळी दुसरीचा असाच उचलला होता. त्यामुळे तिच्यावर रागावायचीही सोय नव्हती.

"जड? मला?" मी म्हटलं आणि वर हसून दाखवलं.

पहिला प्रयोग शनिवारी दुपारी होता. मुलगी सातव्या रांगेत बसली होती. पहिलं मिनिट मोजून काढलं. दुसरंही निघालं. मग डाव्या पायावरची गिरकी आली. गिरकी संपली आणि डावा पाय खाली आहे की नाही, हे मला कळेना. भार टाकला आणि तो तिरका असला तर मी आडवी होणार, सगळ्यांसमोर. म्हणून मी थांबले. वाद्यं थोडी पुढे गेली, मग वाजवणाऱ्यांच्या म्होरक्याने हात वर केला आणि तीही थांबली. अख्खं नाट्यगृह गप्प. मी मान खाली घालून पाय पाहिला. तो पावलाच्या बाहेरच्या कडेवर टेकला होता. मी तो सरळ केला, म्होरक्याकडे पाहून मान हलवली आणि उरलेला नाच पुरा केला.

लोक उठून उभे राहिले. विंगेत मुली डोळे पुसत होत्या. म्हातारीला जुने दिवस आठवले आणि तिचा पाय अडला, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दिग्दर्शक धावत आला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने वाक्य पुरं केलं. "मॅडम, तो थांबा मला रोज हवा."

म्हणजे नाच माझाच राहिला. आनंद व्हायला हवा होता. मी रंगपटात जाऊन बसले आणि चेहऱ्याचा रंग पुसायला घेतला.

मुलगी आली, तिने दार लावलं. "त्या जागी थांबा नाहीये, आई."

"दिग्दर्शकाला आवडला."

"त्याला काय आवडलं ते मी विचारलं नाही. गिरकी झाली की लगेच उजवा पाय. दहा वर्षांची असल्यापासून मला पाठ आहे."

त्या वयात ती विंगेत स्टुलावर बसून गणितं सोडवायची. निदान माझी तशी समजूत होती.

"बूट काढ," ती म्हणाली. मी काढला. ती माझ्यापुढे जमिनीवर बसली. "आता डोळे मीट. हात लावला की सांग." हा तिचा रुग्णांशी बोलायचा आवाज असणार. मी तो कधी ऐकला नव्हता.

मी डोळे मिटले. बाहेर जिन्यात कुणीतरी हसत खाली गेलं. इतकी वर्षं रंगमंचावर काढल्यावर किती थांबून बोलायचं, एवढं तरी मला कळतं. योग्य वेळी मी म्हटलं, "हां."

"कुठे?"

"अंगठ्याला."

मी आणखी थोडी थांबले. "हां, आता टाचेला," म्हटलं आणि गुदगुल्या झाल्यासारखा पाय जरासा मागे घेतला. चांगलं काम झालं, असं माझं मला वाटलं.

"आई, डोळे उघड."

तिचे दोन्ही हात तिच्या स्वतःच्या मांडीवर होते. गाल ओले होते.

"मी अजून हात लावलेलाच नाही," ती म्हणाली.

आरशाभोवतीचे दिवे चालू होते, त्यामुळे कुठे तोंड लपवायलाही जागा नव्हती. तिने माझा पाय उचलून मांडीवर घेतला. मी वर छताकडे पाहत राहिले.

"दिग्दर्शकाला मी सांगू?" तिने विचारलं.

"नको. मीच सांगते. उद्यापासून विंगेतल्या त्या मुलीला नाचू दे." मग मी विचारलं, "पाय धरलायस?"

"धरलाय."

"घट्ट?"

"हो गं, आई. घट्ट."

"मग सोडू नकोस," मी म्हटलं. "सांगते मी त्याला. पण इतक्यात सोडू नकोस."