लाल्याचं आवतन

“खांदे कोरडे ठेवू नोको त्याचे. खांदशेकणीले हळद-तूप लावजो, आवतन देजो. अजून काही मांगत नाही, भुपेंद्रची माय.”

दवाखान्याच्या खाटेवरून आमचे मालक लाल्याबद्दल सांगत होते. लाल्या म्हणजे बैल नव्हे; मुठी धरून मागे चालायचा जुना टिलर. असल्या यंत्रांचं त्यांना जन्माचं वेड. दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत एखादा टुकटुकला की हातातला घास ठेवून बघायला जात. घरचे बैल गेल्यावर, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात तसे ते लाल्याच्या मुठींना हळद-तूप चोळत आणि म्हणत, “आज आवतन घे, उद्या जेवायले ये.” मी हो म्हटलं होतं. ते गेल्यावर दोन वर्षं पाळलं.

यंदा श्रावणात माझा मुलगा भुपेंद्र आम्हा सगळ्यांना साकोली रस्त्यावरच्या नव्या ढाब्यावर घेऊन गेला. माझा सोमवारचा उपास, मी नुसती बसले. दारात आमचा लाल्या शोभेला उभा. गुलाबी रंग, दिव्याला रंगवलेल्या पापण्या. पाण्याच्या टाकीत माती भरून झेंडू लावलेला, आणि त्या मातीत तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्न्या, लाल पिचकाऱ्या, चघळलेली हाडं. मुठींवर कोणी तेलकट बोटं पुसलेली.

“कोठ्यात गंजून राहिला होता, माय. इथं लोकं फोटो काढते,” भुपेंद्र म्हणाला.

“घरी घेऊन चाल त्याले.”

“दिलेलं वापस मांगू? हासतीन मले.” आणि बोलता बोलता, सवयीने, तो त्या झेंडूत थुंकला.

बापाने धरलेल्या ज्या मुठींमागे तो चालायला शिकला, त्या त्याच्या कोपराशीच होत्या. त्या दिवशी त्याच्या हातचं पाणी तेवढं घेतलं नाही.

आज खांदशेकणी. सकाळी मी वाटीत हळद-तूप घेतलं, तर भुपेंद्र दारात.

“कोठा तं रिकामा आहे. कोणाचे खांदे शेकतेस?”

“आवतन दिल्याबिगर पाणी घेत नाही मी.”

“अन् आवतन दिल्यावर तो जेवायले येईल कुठं?”

“घरीच. जेवायले दुसरीकडं कुठं येते कोणी?”

तो हसायला गेला, पण हसला नाही.

थैलीत वाटी, घासायला नारळाची शेंडी, जुन्या लुगड्याचं फडकं आणि पाण्याची बाटली घातली. माती उकरायला खुरपं घेतलं. देवाजवळचा दिवा सारखा केला आणि साकोलीच्या एसटीसाठी फाट्याकडे निघाले.